तुम्ही विचारलंत म्हणून: संघ हरत असताना मी खेळाडू का बदलत नाही

“मामा, सलग आठ सामने हरलात, तरी पुन्हा तोच संघ उतरवलात?” निपाणीला राहणारा माझा भाचा गेली तीन वर्षे मला हा प्रश्न विचारतो आहे. बेळगाव, खानापूर आणि चिकोडीकडची जी चार-पाच तरुण मुले अलीकडे आमच्या बेसबॉल लीगमध्ये आली, त्यांचाही पहिला प्रश्न हाच असतो. फोनवर या प्रश्नाचे उत्तर नेहमी अर्धेच राहते, म्हणून ते एकदा नीट लिहून ठेवतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमची लीग संगणकावर चालते. प्रत्येकाकडे एक संघ असतो, खेळाडू संगणकानेच निर्माण केलेले असतात आणि लीग चालवणारे गृहस्थ अमेरिकेतून आठवड्यातून दोनदा, दर वेळी एकेका आठवड्याचे सामने खेळवून निकाल पाठवतात. अमेरिकेतल्या खऱ्या हंगामाप्रमाणेच आमच्याही हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात. प्रत्यक्ष सामन्यात आमचा हात कुठेच नसतो. लाइनअप (बॅटिंगचा क्रम) लावणे, पिचरांचा म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा क्रम ठरवणे, कोणाला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या संघात, धाडायचे आणि कोणाचा ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) करायचा हे ठरवणे, एवढेच आमच्या स्वाधीन असते. नेमके त्यामुळेच पहाटे उठून पराभवाचे आकडे पाहिले की हात शिवशिवतात, आणि निदान काहीतरी बदलावे असे वाटू लागते. पहिल्या हंगामात मी तेच केले. जवळजवळ प्रत्येक निकालानंतर कोणीतरी आत आला, कोणीतरी बाहेर गेला, आणि हंगाम संपला तेव्हा सुरुवातीच्या नऊ बॅटरांपैकी माझ्याकडे तिघेच उरले होते. संघ शेवटून दुसरा आला.

त्या उन्हाळ्यात मला आठवला तो बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना. नोकरीची पहिली काही वर्षे मी तिथे लेथवर शाफ्टचे काम करीत असे. एखादा जॉब मायक्रोमीटरवर पाच मायक्रॉन जाड निघाला की मी लगेच तेवढा ऑफसेट देत असे, म्हणजे हत्याराची जागा तेवढी सरकवत असे. पुढचा जॉब बारीक निघाला की तो ऑफसेट परत फिरवत असे. मी फार दक्षतेने काम करतो आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती, आणि तरीही दिवसअखेर रिजेक्शन माझ्याच मशीनवर अधिक निघत असे. आमचे वयस्क सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे कारागीर, अथणीकडचे कन्नड भाषिक होते. त्यांनी एकदा माझा हात धरला, “ताळ्मे इरली, तम्मा,” म्हणजे धीर धर बाळा, असे म्हणाले, आणि मशीनला अजिबात हात न लावता सलग पंचवीस जॉब काढायला लावले. मापे वरखाली झाली, पण सगळी टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, आत होती. मशीन व्यवस्थित होते. प्रत्येक जॉबमागे थोडा फरक पडणे हा त्याचा स्वभाव होता आणि त्या स्वभावाला दोष समजून मी दुरुस्त करायला निघालो होतो.

पुढे गुणवत्ता विभागात बदली झाल्यावर यामागचे गणित कळले. वॉल्टर शेवार्ट या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला तो यासाठीच: कोणता फरक प्रक्रियेच्या अंगचा आहे आणि कोणत्या फरकामागे शोधण्यासारखे वेगळे कारण आहे, हे ओळखता यावे. त्यांचा विचार पुढे नेणारे डेमिंग नरसाळ्यातून गोटी सोडण्याचा एक प्रयोग दाखवत असत. गोटी खुणेपासून जितकी दूर पडेल तितके नरसाळे दर वेळी उलट दिशेला सरकवत गेले, तर गोट्यांचा पसारा कमी होत नाही. गणिती भाषेत प्रचरण (पसाऱ्याच्या मापाचा वर्ग) बरोबर दुप्पट होते, म्हणजेच पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. लेथवरचा मी आणि पहिल्या हंगामातला मी, दोघेही ते नरसाळेच सरकवीत होतो.

आता हेच बेसबॉलमध्ये पाहू. बॅटिंगची सरासरी ०.२७० असणे म्हणजे शंभर संधींत साधारण सत्तावीस हिट मिळणे, म्हणजे तेवढ्या वेळा चेंडू मारून सुखरूप बेसवर पोहोचणे, आणि असा बॅटर कोणत्याही संघाला चालतो. त्याच्या अंगी नेमके एवढेच कौशल्य आहे असे धरले, तर पन्नास संधींनंतर त्याची सरासरी केवळ नशिबाच्या खेळाने ६३ अंकांनी (म्हणजे ०.०६३ ने) इकडे-तिकडे होऊ शकते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा ती ०.२०७ ते ०.३३३ यांच्या दरम्यान पडेल आणि साधारण सहापैकी एका वेळी ०.२०७ च्याही खाली जाईल. याचा अर्थ असा की अगदी सारख्या कुवतीचे नऊ बॅटर घेऊन हंगाम सुरू केला, तरी दोन आठवड्यांनी त्यांतला एखाद-दुसरा हमखास नालायक दिसणार, आणि एखाद-दुसरा थोर दिसणार. जो नालायक दिसतो त्याला आपण काढतो, आणि दुसऱ्या संघातला जो थोर दिसतो त्याला अधिक किंमत देऊन आणतो. बाजार समितीत भाव पडल्यावर बटाटा विकावा आणि चढल्यावर विकत घ्यावा, तसा हा व्यवहार आहे, आणि आमच्या बेळगावच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. सहाशे संधी झाल्या की तो ६३ अंकांचा फरक १८ अंकांवर येतो, पण तोवर हंगाम संपत आलेला असतो.

माझ्या म्हणण्याची शुद्ध परीक्षा हवी असेल तर स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा फाशांचा जुना खेळ पाहावा. हॅल रिचमन यांनी तो १९६१ मध्ये बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड असते. एक फासा टाकायचा, १ ते ३ पडले तर बॅटरचे कार्ड वाचायचे आणि ४ ते ६ पडले तर पिचरचे. कार्डावरचे आकडे छापील असतात, हंगामभर बदलत नाहीत. तिथे एखादा खेळाडू वीस सामने अपयशी ठरला, तर त्यात त्याच्या मनाचा, मनगटाचा किंवा वयाचा काडीचाही संबंध नसतो, फासे तसे पडलेले असतात. तरीही तो खेळ खेळणारे लोक “हा सध्या फॉर्मात नाही” म्हणत त्याला बाहेर बसवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. संगणकावरच्या आमच्या खेळात वय आणि दुखापत यांनी कुवत खरोखर बदलते, त्यामुळे प्रश्न अधिक अवघड होतो, पण फाशांचा भाग तिथेही मोठाच राहतो.

याला भाच्याचे उत्तर ठरलेले असते: “मग काय, हातावर हात ठेवून बसायचे?” अर्थातच नाही, आणि इथे मला विली मेज हे अमेरिकेतले थोर बेसबॉलपटू आठवतात. १९५१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना मायनर लीगमधून वर बोलावले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. पहिल्या बारा संधींत एकही हिट नाही, मग एक होमरन (चारही बेस फिरवणारा फटका), आणि २६ संधींनंतरही पदरी तेवढा एकच हिट. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी त्यांना काढले नाही. त्या वर्षी मेज यांनी ०.२७४ सरासरी आणि २० होमरन करून नवोदितांचा पुरस्कार मिळवला, आणि कारकिर्दीत ६६० होमरन केले. ही गोष्ट केवळ विश्वासाची म्हणून सांगितली जाते, आणि ते मला अपुरे वाटते. मेज यांनी मायनर लीगमध्ये आदल्या वर्षी ट्रेंटनला ०.३५३ आणि त्या वर्षी मिनियापोलिसला ३५ सामन्यांत ०.४७७ अशी सरासरी राखली होती. ड्युरोशर यांच्यासमोर २६ संधींविरुद्ध दोन वर्षांतल्या आकड्यांचा पुरावा होता. धीराला असा आधार लागतो, आणि मी ज्या खेळाडूसाठी थांबतो त्याच्याविषयी तो आधार काय आहे हे आधी वहीत लिहून ठेवतो.

उलट बाजूला १९६४ मधला लू ब्रॉक यांचा ट्रेड आहे. शिकागो कब्जने सरासरी ०.२५१ वर असलेले ब्रॉक सेंट लुईसला दिले आणि मुख्यतः अर्नी ब्रॉग्लिओ हा पिचर घेतला, ज्याने आदल्या वर्षी १८ सामने जिंकले होते. ब्रॉक यांनी उरलेल्या हंगामात ०.३४८ ची सरासरी गाठली आणि पुढे कारकिर्दीत ३,०२३ हिट मिळवले. ब्रॉग्लिओ यांनी शिकागोसाठी एकूण सातच विजय नोंदवले. तरीही प्रत्येक ट्रेडला उतावीळपणा म्हणणे अन्यायाचे होईल. १९८७ मध्ये डेट्रॉइटने डॉयल अलेक्झांडर या अनुभवी पिचरसाठी जॉन स्मोल्ट्झ नावाचा तरुण देऊन टाकला. स्मोल्ट्झ पुढे फार मोठा झाला, पण अलेक्झांडरही त्या हंगामात डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने आपला विभाग जिंकला. त्यांना जे हवे होते ते, किंमत जाणून, त्यांनी घेतले होते. दोन आठवड्यांच्या रागात केलेला बदल आणि हा बदल यांत मला मूलभूत अंतर दिसते.

मग मी बदल कधी करतो? लेथवर इन्सर्ट (कापणारे पाते) झिजला की माप एकाच दिशेने सरकत जाते, वरखाली होत नाही. तेव्हा ऑफसेट न देणारा माणूस कामचुकार ठरतो. खेळाडूच्या बाबतीत मी अशीच सरकण शोधतो. वय चौतीस, फटक्यातली ताकद सलग दोन हंगाम घटलेली, धावण्याचा वेग उतरलेला, असे दिसले की तो ०.३१० ने मारत असतानाही मी त्याला देऊ करतो. बॅटरच्या सरासरीपेक्षा तो किती वेळा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होतो, हे मी आधी पाहतो, कारण तो आकडा फार लवकर स्थिर होतो. पिचरने किती धावा दिल्या याकडेही मी महिनाभर दुर्लक्ष करतो. बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट ठरेल की झेल, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो, ही गोष्ट बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडली आणि तेव्हापासून पिचर पारखण्याची रीतच बदलली. पिचरचे स्ट्राइकआउट आणि वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) जागच्या जागी असतील, तर मी थांबतो.

खरा बदल चांगल्या दिशेनेही झालेला असू शकतो, आणि तो न दिसणे ही माझ्यासारख्या जुन्या आकड्यांना धरून बसणाऱ्यांची मोठी चूक ठरते. जे. डी. मार्टिनेझ या बॅटरने २०१३-१४ च्या हिवाळ्यात आपला स्विंग (बॅट फिरवण्याची पद्धत) पूर्णपणे नव्याने घडवला होता. ह्यूस्टनने जुन्या नोंदींवर भरवसा ठेवून मार्च २०१४ मध्ये त्यांना मोकळे केले, आणि त्याच वर्षी डेट्रॉइटसाठी त्यांनी ०.३१५ सरासरी व २३ होमरन केले.

बदलाची स्वतःची किंमतही असते, ती मुले सहसा मोजत नाहीत. ज्याच्या मायनर लीगमध्ये धाडण्याच्या सवलती संपल्या आहेत, त्याला खाली पाठवायचे तर आधी वेव्हरवर, म्हणजे इतर संघांसाठी खुल्या यादीत, ठेवावे लागते, आणि तिथून दुसरा कोणीही त्याला उचलून नेऊ शकतो. असा माझा एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) पहिल्या हंगामात गेला. तो ज्यांनी नेला, त्यांच्या संघात तो पुढे सहा वर्षे खेळला, आणि आमच्याविरुद्धच्या प्रत्येक मालिकेत मला त्याचे नाव पाहावे लागले. त्याच्या केवळ ६० संधींवरून मी तो निर्णय घेतला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. आमचा तिसऱ्या बेसवरचा तरुण ८१ संधींत १६ हिटवर अडकला आहे, म्हणजे सरासरी ०.१९८, आणि भाचा म्हणतो की आता तरी त्याला काढा. मी वही उघडून पाहिली. वय तेवीस आहे, मायनर लीगमध्ये पूर्ण दोन हंगाम ०.२९० च्या वर आहेत, स्ट्राइकआउट वाढलेले नाहीत, दुखापत नाही. त्याच्या नावापुढे हंगाम सुरू होण्याआधीच मी फेरविचाराची नोंद केली आहे: २५० संधी. तोवर अजून १६९ बाकी आहेत, आणि उद्या पहाटे येणाऱ्या निकालातही तिसऱ्या बेसवर त्याचेच नाव असेल, असे मी भाच्याला सांगितले.