एक गाणं, दोन चाली

रविवार, दुपार

पहाटे पाचला नाटकाहून घरी आलो. डोळे चुरचुरताहेत, स्वेटरला शेकोटीच्या धुराचा वास आहे आणि झोप काही येत नाही. रात्रीचं गाणं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून ठेवतो.

धान निघालं, चुरणं आटोपलं की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. आणि दिवसा जिथं पट, तिथं रात्री नाटक. होळीपर्यंत हे चालतं. काल शेजारच्या गावी पट होता आणि वडशाची कंपनी आली होती. माय, बाबा, वहिनी, तिची दोन पोरं, सगळे सतरंज्या-ब्लँकेटं घेऊन गेलो. दहाचं नाटक अकराला उघडलं.

गोष्ट साधीच. दोन भाऊ, शेताची वाटणी, मधे बहीण. पहिल्या अंकात ही बहीण बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करताना गाणं म्हणते. चाल नाचरी, ढोलक, तबला, ऑक्टोपॅड सगळं जोरात. वन्स मोअर मिळाला, तिनं पुन्हा म्हटलं. मग रात्री दोनच्या सुमारास, बांधीची वाटणी झाल्यावर, तेच गाणं ती परत म्हणते. शब्द तेच, साथीला फक्त ऑर्गन. तबलजीनं दोन्ही हात मांडीवर ठेवलेले मला दिसत होते. दुसऱ्या ओळीवर तिचा आवाज खाली उतरला, ती थांबली, आणि ती पुन्हा उचलेपर्यंत ऑर्गनवाल्यानं तो एकच सूर धरून ठेवला. माझ्यापुढे बसलेल्या म्हातारीनं पदर तोंडात धरला होता. एवढी माणसं, पण कुणी खोकललं नाही. वन्स मोअर कुणी मागितला नाही. तो मागायचाच नव्हता.

परत येताना बाबा एवढंच बोलले, "चाल बदलली, पाह्यलं का गा? बोल तेच, पन तिचं घर आता ते नाही रायलं."

बाबांनी तीस वर्षं गावच्या नाटकांना पायपेटीवर, म्हणजे ऑर्गनवर, साथ केली. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी घरचाच कुणी असल्यासारखे पेढे वाटले होते. मी आठवी-नववीत असताना त्यांनी मला 'घेई छंद मकरंद' समजावून सांगितलं होतं. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं नाटक. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब करणारे वसंतराव देशपांडे जन्मानं मूर्तिजापूरचे, म्हणजे दोघं आपलेच, हे बाबा दर वेळी सांगत. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. हे एकच पद त्या नाटकात पंडितजी एका चालीत गातात आणि खाँसाहेब दुसऱ्या. बाबांनी दोन्ही पेटीवर वाजवली. पंडितजींची शांत, फुलावर बसून राहणारी. खाँसाहेबांची उसळून येणारी. दोन घराण्यांचं भांडण हीच तर त्या नाटकाची गोष्ट, आणि ती चालीतच कळते. कोण गातंय हे चालीला माहीत पाहिजे, असं ते म्हणाले होते. काल रात्री मला ते खरं उमगलं.

नाटकात गाणी फार झाली की मला त्रास होतो. मधेच सिनेमाच्या चालीवरचं गाणं येतं, नाच येतो, गोष्ट तिथंच उभी राहते. पब्लिकला ते हवं असतं आणि कंपनीचं पोट तिकिटावर आहे, हे मला कळतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं, तेही पदांनी भरलेलंच होतं. पण माणसांच्या तोंडी त्यातली थोडीच राहिली. आमच्या मायनं देवलांचं 'शारदा' कधी पाहिलेलं नाही. तरी पोरीसाठी वयस्क स्थळ आलं असं ऐकलं की ती चटकन म्हणते, "अवघे पाऊणशे वयमान!" १८९९ च्या नाटकातलं पद आमच्या ओसरीवर असं अजून वापरात आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आज जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, पेटी खोल. चार वर्षं झाकलेली होती. भात्याचं चामडं उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडलंय, तिथं मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. मधल्या सप्तकातला एक सूर बोलतच नव्हता. बाबांनी तो हळूच ओढून बाहेर काढला, उजेडाकडे धरला. पितळेच्या जिभेखाली धानाचं एक कुसं अडकलं होतं. पोस्टकार्डाचा पातळ पापुद्रा जिभेखालून सरकवून त्यांनी ते काढलं, फुंकर मारली आणि सूर जागेवर बसवला.

मग रात्रीची दुसरी चाल वाजवली. एकदाच ऐकलेली, तरी जवळपास सगळी हाताला आली. ती जिथं थांबली होती तिथं बाबाही थांबले आणि तो सूर धरून ठेवला. आत माय तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला, आणि पुढची ओळ तिनं आतूनच म्हटली.