शेती हवी, शेतकरी नको

माझा धाकटा भाऊ बार्शी तालुक्यात द्राक्षं पिकवतो. छाटणी, विरळणी, फवारणी सगळं स्वतः बघतो. तरी स्थळ सुचवणारे मला म्हणतात, “ताई, पुण्यात कंपनीत लावा त्याला, मग बघू.” पगार कितीही कमी असला तरी चालतो! सातबारा मात्र आवर्जून विचारतात.

याचा मला राग येतो, पण मुलींवर नाही. माझ्या आईनं आयुष्यभर खुरपलं, रात्रीची लाईट आली की वडिलांबरोबर पिकाला पाणी द्यायला दारं धरली, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नाही. हे बघत मोठी झालेली मुलगी नको म्हणाली तर तिचं काय चुकलं? त्यात जमिनीचे तुकडे. राज्यातली सरासरी जमीनधारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ वर आली.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले. लोक हसले. त्यांची मागणी होती, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. ती मुलं आता लग्नाच्या वयाकडं निघालीत. यात हसण्यासारखं काय आहे?

लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याला बायकोचं नाव जमिनीवर लावता येतं. आधी आईचं लावायचं, मग येईल त्या सुनेचं, असं घरी ठरलंय. तलाठ्याकडं मी स्वतः जाणार आहे.