जुन्या गोव्यात रेखाटनं करायची होती, पत्र अडकलं कॉलेजातच

जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयाला मेलवर विचारलं, होकार आला. आता फक्त कॉलेजचं शिफारसपत्र जोडायचं होतं.

विभागप्रमुखांनी लगेच सही केली. पुढे कार्यालयात अर्ज जो पडला तो पडला. विचारायला जावं तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. शेवटी अर्ज हातात घेऊन बघितला, तर समासात शेरा: ‘धार्मिक स्थळ. संस्थेची परवानगी घ्यावी.’ मी ‘सांता मोनिका कॉन्व्हेंटचं चर्च’ असं लिहिलं होतं, तेवढ्यावरून! अजूनही आठवलं की चीड येते. ते कॉन्व्हेंट, म्हणजे नन्सचा मठ, 1606 ते 1627 मध्ये बांधलं, तिथली शेवटची नन 1885 साली वारली. 2002 पासून तिथे संग्रहालय आहे आणि तिकीट काढून कुणीही आत जातं.

मला काढायचा होता तो गोव्यात घडवलेला हस्तिदंती मेंढपाळ बाळ येशू. गालाला हात लावून, डोळे मिटून बसलेला, खाली डोंगराचे टप्पे, त्यावर मेंढ्या आणि तळाच्या कपारीत येशूची अनुयायी मेरी माग्दालेना. हे कोरणारे हात इथलेच. 1567 च्या गोव्यातल्या धर्मसभेला ‘अशी कामं बिगरख्रिस्ती कारागिरांना देऊ नका’ असं बजावावं लागलं, म्हणजे ती त्यांच्याकडे जात होतीच ना? शिल्पकलेच्या विद्यार्थ्याने हे बघायचं नाही, तर काय बघायचं?

हे सगळं लिहून थेट प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि सही केली. मग जावक लिपिक रजेवर! जावक क्रमांकाशिवाय पत्र बाहेर जात नाही. तो क्रमांक पडला तेव्हा इतकं हलकं वाटलं की थेट स्टँडवर जाऊन गाडीची चौकशी केली.

तुम्ही अर्ज कराल तेव्हा विषयात ‘संग्रहालय’ हाच शब्द घाला, इमारतीचा इतिहास खाली. संग्रहालयाचा होकार छापून जोडा. आणि हो, पत्रात एकच तारीख टाकू नका, महिना लिहा. माझी पहिली तारीख कार्यालयातच उलटून गेली.

पणजीहून जुन्या गोव्याची बस मिळते. बॉम जेझू चर्चपासून चढाने चालत जा, सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा दिसला की समोरच. रंग नेऊ नका, पेन्सिल पुरते. जमिनीवर बसायची तयारी ठेवा.