हत्तीनची शिंगं: तहानेनं हरवलेलं सैन्य

इस्राएलमधल्या गॅलिली सरोवराकाठच्या तिबेरियासहून पश्चिमेला निघालं की उजव्या हाताला दोन टोकांची एक बुटकी टेकडी दिसते. हीच हत्तीनची शिंगं. ४ जुलै ११८७ रोजी जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचं सैन्य इथे संपलं. मी मुद्दाम जुलैतच गेलो, कारण ही लढाई उन्हाशिवाय समजणार नाही असं मला वाटत होतं.

वाट सोपी आहे, पण सावली नावालाही नाही. विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी ही, त्यामुळे दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा बेसॉल्ट. अकरा वाजता त्यावर हात टेकवेना. पायाखालचं गवत वाळून कडकडीत झालेलं. याच गवताला सलादिनच्या, म्हणजे इजिप्त आणि सीरियाच्या मुस्लिम सुलतानाच्या, लोकांनी आग लावली आणि धूर तहानलेल्या सैन्याच्या तोंडावर सोडला.

क्रुसेडरांची, म्हणजे या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची, खरी ताकद म्हणजे चिलखती घोडेस्वारांची धडक. भाला काखेत दाबून सगळे एका फळीत सुटले की समोर कुणी टिकत नसे. पण ती धडक एकदाच नीट बसते, आणि घोडा पडला की स्वारही गेला. म्हणून कूच करताना पायदळ बाहेरून कडं करी, भाले आणि धनुष्यं घेऊन, आणि घोडे आत राहत. सलादिनचे घोड्यावरचे तिरंदाज जवळ येत, बाण सोडून पसार होत. कडं शाबूत असेपर्यंत हे सैन्य मरत नसे.

तिबेरियासच्या पश्चिमेला सफूरियाच्या झऱ्यांवर क्रुसेडरांचा सुमारे वीस हजारांचा तळ होता. सलादिननं तिबेरियासला वेढा घातला. शहर त्रिपोलीचा सरदार रेमंड याच्या ताब्यातलं, बालेकिल्ल्यात त्याचीच बायको अडकलेली. तरीही रेमंड म्हणाला, शहर जाऊ द्या, पाणी सोडू नका. माझ्या मते त्या दिवसांतला सगळ्यात मोठा माणूस तोच. जेरुसलेमचा राजा गी आधी त्याचं ऐकायला तयार झाला. रात्री टेम्प्लरांचा, म्हणजे लढवय्या ख्रिस्ती संन्याशांच्या संघाचा, प्रमुख जेरार त्याच्या तंबूत गेला आणि पहाटे कुचाचा हुकूम सुटला.

३ जुलैला दिवसभर बाणांचा मारा खात ते चालले. पिछाडीच्या टेम्प्लरांना पुढे सरकता येईना, म्हणून सगळ्यांनीच वाटेत कोरड्या माळावर रात्र काढली. सलादिनकडे मात्र सरोवरातून उंटांवर पखाली येत होत्या.

सकाळी पायदळानं कडं सोडलं आणि ते टेकडी चढलं. मी वर उभा राहिलो तेव्हा निळं गॅलिली सरोवर अगदी समोर पसरलेलं होतं. ते लोक कशाकडे धावत सुटले असतील हे मला तिथे कळलं, आणि गलबलून आलं. राजानं खाली यायला सांगितलं, कुणी ऐकेना. उघड्या पडलेल्या घोड्यांना बाणांनी टिपलं. रेमंडनं धडक मारली तेव्हा समोरच्यांनी फळी उघडून त्याला जाऊ दिलं आणि पुन्हा मिटून घेतली.

पकडलेल्या राजाला सलादिननं बर्फानं गार केलेलं पेय दिलं. राजानं प्याला शातियोंच्या रेनो या क्रुसेडर सरदाराकडे सरकवला. त्याला मी दिलेलं नाही, असं सलादिननं स्पष्ट केलं, कारण यजमानाच्या हातचं प्यायलेल्याला मारायचं नाही हा रिवाज होता. काफिले लुटणाऱ्या रेनोला त्यानं स्वतः तलवारीनं मारलं.

या फौजेसाठी किल्ल्याकिल्ल्यांतली माणसं उपसून आणली होती, त्यामुळे मागे तटांवर लढायला फारसं कुणी उरलं नव्हतं. अक्का हे बंदर आठवड्याभरात शरण आलं, जेरुसलेम २ ऑक्टोबरला. मी उत्तरेकडच्या उतारानं नबी शुएबच्या दर्ग्याकडे उतरलो आणि तिथून अक्काची बस धरली.