टर्नपाइकला मराठीत काय म्हणायचं?

आजचा अख्खा रविवार एका शब्दापायी गेला. मराठी विकिपीडियासाठी अमेरिकेतल्या रस्त्यांवर लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. मोठ्या वेगवान रस्त्यांची नावं तिथे जागोजागी वेगळी: न्यू जर्सीत टर्नपाइक, न्यूयॉर्कमध्ये थ्रूवे, कॅलिफोर्नियात फ्रीवे. सगळ्यांना सरसकट 'द्रुतगती मार्ग' म्हणायचं? सोबत लिहिणारे एक दादा म्हणाले, हो, वाचकाचा गोंधळ नको. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. टर्नपाइक या शब्दात जुन्या टोलनाक्यावरचा आडवा दांडा आहे. शब्द काढला की रस्त्याचा इतिहासच पुसला जातो.

हा वाद नवा नाही. इंग्रजी विकिपीडियावर २००६ साली राज्यमार्गांच्या लेखांची शीर्षकं कशी लिहायची यावरून इतकं पेटलं की प्रकरण थेट लवाद समितीपुढे, म्हणजे संपादकांमधले वाद मिटवणाऱ्या समितीपुढे गेलं, मतदानही घ्यावं लागलं. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. पण मिशिगनचा माणूस आपल्या राज्यमार्ग २२ ला एम-२२ म्हणतो, कॅन्ससचा राज्यमार्ग १० ला के-१०. तीच त्यांच्या रस्त्यांची घरची नावं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? मुंबई-पुणे रस्त्याच्या पाटीवर 'द्रुतगती मार्ग', तोंडात मात्र 'एक्सप्रेसवे'. शेजारचा राष्ट्रीय महामार्ग ४ नव्या क्रमांकांत ४८ झाला, तरी लोणावळ्यात पत्ता विचारा, 'जुना हायवे'च सांगतील. माझी आई तर अजून 'हमरस्ता' म्हणते. किती सुंदर शब्द आहे तो!

शेवटी लेखात टर्नपाइक तसाच ठेवला, पुढे अर्थ दिला. दादांना चर्चापानावर सविस्तर कारण लिहिलंय. त्यांच्या उत्तराची वाट बघतोय.