खानदेशातील दोन पाटील

पाटील हे मुळात गावच्या वतनदाराचे पद. त्यामुळे हे आडनाव अनेक जातींत आढळते आणि केवळ त्यावरून नाते जोडणे चुकीचे ठरते. तरीही खानदेशाचा विचार करताना मला दोन पाटील हमखास आठवतात. जळगावच्या प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. दुसऱ्या स्मिता पाटील, ज्यांना ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि ज्या 1986 मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, आपल्याला सोडून गेल्या. ती हळहळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्यांचे वडील, शिरपूरचे शिवाजीराव गिरधर पाटील, राज्यात मंत्री होते, म्हणजे त्या एकाच घरात राजकारण आणि चित्रपट दोन्ही नांदले.