तुम्ही विचारलंत म्हणून: यंदा किती उगवली?

अमेरिकेतल्या सॅन डिएगोजवळच्या खाजणात मी दुर्मीळ रोपांच्या मोजणीला जाते हे कळल्यापासून घरच्यांचा प्रश्न ठरलेला: यंदा किती? आकडा कमी निघाला की लगेच दुसरा: म्हणजे संपत चाललंय का?

कोकणात खाजण म्हटलं की खारफुटी आठवते. इथे झाड नाहीच. गुडघ्याखालची झुडपं आणि खारं गवत. त्याच्या वरच्या कडेला, जिथे फक्त मोठ्या भरतीचं पाणी पोहोचतं, तिथे सॉल्ट मार्श बर्ड्स-बीक उगवतं. १९७८पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत असलेलं हे रोप एका वर्षात आयुष्य उरकतं. हिवाळी पावसाने मातीतला खार उतरला की बी रुजतं. पाऊस कमी पडला तर बरंचसं बी तसंच पडून राहतं. त्यामुळे वर दिसतात तेवढीच रोपं, असं धरता येत नाही. स्वीटवॉटर मार्श या इथल्याच खाजणात १९९०च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ जॉय झेडलर आणि सहकाऱ्यांनी ते पुन्हा पेरलं, तेव्हाही संख्या वर्षागणिक भलतीच वरखाली झाली.

मोजणी फुलोऱ्यात करतो, एरवी ते गवतात लपतं. छोट्या पट्ट्यात एकेक रोप, मोठ्या पट्ट्यात चौकटी टाकून अंदाज. पाऊल जपून टाकावं लागतं, कारण तुडवलेली माती सावरायला फार वेळ घेते.

पण माझं लक्ष आकड्याच्या शेजारच्या रकान्यावर जास्त असतं: आजूबाजूला काय वाढलंय? हे रोप अर्धपरोपजीवी आहे. पानं हिरवी, तरी मुळं शेजाऱ्याच्या मुळांना जोडून पाणी आणि पोषण घेतं. सॉल्टग्रास हे बारमाही गवत त्याला उन्हाळाभर साथ देतं. बाहेरून आलेलं पॅराफोलिस हे गवत मात्र लवकर वाळतं, आणि त्याच्या भरवशावरचं रोप ऐन गरजेच्या वेळी उघडं पडतं. मग मधमाश्या: फुलांवर येणाऱ्या कित्येक रानमाश्या खाजणाबाहेरच्या कोरड्या जमिनीत बिळं करतात. त्या जमिनीवर इमारत आली की खाजण कितीही राखलं तरी बी धरणं अवघड होतं.

तेव्हा पाऊस नसलेल्या साली रोपं कमी दिसली तर मी घाबरत नाही. चांगल्या पावसानंतरही पट्टा रिकामा राहिला आणि सॉल्टग्रासच्या जागी पॅराफोलिस दिसलं, तर मात्र तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे ‘नाही’ हे उत्तर नसेल.